तापलेल्या इंजिनात न विसरणारी बशी : डिस्क स्प्रिंगचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका वॉशरवर आहे. हो, वॉशरवर. लगेच हेडफोन काढू नका, दोन मिनिटं द्या. मधोमध भोक असलेली एक उथळ, धातूची बशी डोळ्यांसमोर आणा. हिला डिस्क स्प्रिंग म्हणतात. कोणी बेलव्हिल स्प्रिंग म्हणतं, कोणी बेलव्हिल वॉशर. जेट इंजिनांच्या आसपासच्या यंत्रांत, रॉकेटच्या पंपांत, जिथे काहीतरी भयंकर वेगाने फिरत असतं, तिथल्या बेअरिंगला ही बशी बाजूने सतत रेटत असते. हा रेटा कमी झालेला चालत नाही आणि फार वाढलेलाही चालत नाही. आजूबाजूला कितीही तापलं तरी हा नियम बदलत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे काम भरवशाने करणारी बशी बनवायला माणसाला पाऊण शतकाहून जास्त काळ लागला. आकार फ्रान्समध्ये सापडला, गणित अमेरिकेत एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत जमलं, आणि धातू इंग्लंड-अमेरिकेत युद्धाच्या घाईत तयार झाला. आज मला तुम्हाला या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या ते सांगायचंय. कारण ‘शोध लागला’ असं एका वाक्यात आपण शाळेत शिकतो ना, ते प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या वाटांनी येतं, ते या एवढ्याशा तुकड्यात फार छान दिसतं.

आधी सायकलच्या दुकानात

बेअरिंगला रेटायचंच कशाला, हा पहिला प्रश्न. त्यासाठी आधी सायकलच्या दुकानात जाऊ. चाकाच्या हबमध्ये छर्रे असतात आणि त्यांना जागेवर धरायला दोन्ही बाजूंना कोन असतात. कोन ढिला राहिला तर चाक डगडगतं. फार आवळला तर चाक जड फिरतं आणि छर्रे लवकर झिजतात. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका कोन आवळायचे, चाक फिरवायचे, हाताने आडवं हलवून बघायचे आणि मग पाना अगदी किंचित मागे घ्यायचे. त्या ‘किंचित’मध्येच त्यांचं सगळं कसब होतं. यंत्र चालू होण्याआधीच छर्ऱ्यांवर जो थोडा दाब देऊन ठेवतात, त्याला इंजिनिअरिंगमध्ये प्रीलोड म्हणतात.

आता तेच चाक मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्या मारतंय असं समजा. एवढ्या वेगात छर्रे बाहेरच्या रिंगकडे फेकले जातात आणि आतल्या रिंगवरची त्यांची पकड सैल होते. पकड गेली की छर्रा गडगडत जायच्या ऐवजी घसरायला लागतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर टायर घसरतो तसा. तेलाचा पातळ थर फाटतो, धातूवर धातू घासतो. म्हणजे दाब हवाच.

मग नट पक्का आवळून टाकू की! तिथे दुसरं संकट उभं असतं. बेअरिंग तापतं, भाग फुगतात, त्यामुळे दाब वाढतो. दाब वाढला की घर्षण वाढतं आणि ते आणखी तापतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बेअरिंग जाम होऊनच थांबतं.

फुगणं म्हणजे किती? एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ५०० अंश सेल्सिअसने तापवला तर तो साधारण ६ मिलिमीटरने लांबतो. त्याच्याभोवतीचं आवरणही लांबतं, पण तेवढंच नाही आणि त्याच क्षणी तर नाहीच. घट्ट आवळलेल्या बेअरिंगमधला दाब मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांनीसुद्धा बदलतो. म्हणजे त्या सायकलवाल्या काकांचा हात उडत्या इंजिनात कायम लागणार. पाना थोडा पुढे, थोडा मागे. आता तिथे काका तर बसू शकत नाहीत. त्यांच्या हाताचं काम करते ती स्प्रिंग.

१८६७ : फ्रान्समधली बशी

आपल्या डोळ्यांसमोरची नेहमीची स्प्रिंग म्हणजे बॉलपेनातली, तारेचे वेढे असलेली. तिला जागा लागते. मोठा जोर हवा असेल तर तार जाड करावी लागते आणि स्प्रिंग लांबच लांब होत जाते. जिथे बोटभरही जागा नाही, तिथे तिचा उपयोग नाही.

फ्रान्समध्ये डंकर्कच्या ज्युलियन बेलव्हिल यांनी १८६७ मध्ये एका वेगळ्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. तार नाही, वेढे नाहीत. पत्र्याची गोल चकती घ्यायची, मधे भोक पाडायचं आणि तिला थोडा शंकूसारखा उठाव द्यायचा. वरून दाबलं की ती सपाट व्हायला बघते आणि उलटा जोर लावते. अगदी कमी उंचीत मोठा भार पेलते.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या बश्या रचता येतात. एकात एक ठेवल्या, आपण घरात ताटल्या ठेवतो तशा, तर दोन बश्यांचा जोर साधारण दुप्पट होतो. तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर जोर तेवढाच राहतो, पण दबण्याचं अंतर दुप्पट होतं. एकाच मापाच्या बश्या घ्या आणि रचना बदलून हवी तशी स्प्रिंग तयार करा. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीसारखं सोपं.

पण बेलव्हिल यांच्या काळात एक अडचण होती. ही बशी नेमकी किती दाबल्यावर किती जोर देईल, हे आधी कागदावर काढायची भरवशाची रीत नव्हती. बनवा, दाबून बघा, जमलं नाही तर पुन्हा बनवा. रेल्वेच्या धक्क्यासाठी तेवढं चालून जाईल. विमानाला कसं चालेल?

१९३६ : टिकटिक क्लिपचं गणित

इथे आपण अमेरिकेत येतो, जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात. जॉन अल्मेन आणि लास्लो या दोघांनी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात या स्प्रिंगवर एक निबंध छापला. त्यांनी एक धाडसी सोपेपणा केला. चकतीचा आडवा छेद स्वतः वाकतच नाही, तो फक्त एका बिंदूभोवती थोडा फिरतो, असं त्यांनी धरलं. खरं तर तो थोडा वाकतो. पण एवढ्या सोप्या गृहीतकातूनही जे समीकरण निघालं ते प्रत्यक्ष मोजमापांशी इतकं जुळलं की पुढे डिस्क स्प्रिंगच्या गणनेची मानकं त्याच्यावरच उभी राहिली.

त्या समीकरणात एक गंमत लपली होती. ती समजायला मुलींच्या केसांची ती टिकटिक क्लिप आठवा. दाबायला सुरुवात केली की आधी ती विरोध करते. मग एका क्षणी विरोध संपतो आणि ‘टक्’ करून ती उलटी होते. म्हणजे विरोध वाढत असताना आणि अचानक कोसळायच्या आधी, मधे कुठेतरी अशी एक जागा असते जिथे विरोध ना वाढतो ना घटतो.

डिस्क स्प्रिंगचंही तसंच आहे. सगळा खेळ दोन मापांच्या गुणोत्तरात आहे : बशीचा उठाव आणि पत्र्याची जाडी. उठाव जाडीच्या मानाने कमी असेल तर ती साध्या स्प्रिंगसारखी वागते, जेवढी दाबाल तेवढा जोर वाढतो. उठाव खूप असेल तर ती क्लिपसारखी पलटी मारते. आणि उठाव जाडीच्या साधारण १.४ पट असेल तर मधला एक टप्पा जवळजवळ सपाट येतो. त्या टप्प्यात बशी थोडी जास्त दाबली गेली काय, थोडी कमी दाबली गेली काय, जोर जवळपास तोच.

आता हे आपल्या बेअरिंगवर लावून बघा. शाफ्ट तापून लांबला, स्प्रिंग थोडी आणखी दबली, पण छर्ऱ्यांवरचा दाब बदललाच नाही. इंजिन निवलं, शाफ्ट आखूड झाला, स्प्रिंग थोडी मोकळी झाली, तरी दाब तोच. काकांचा हात कागदावर उतरला!

अल्मेन यांचं नाव आज वर्कशॉपमध्ये आणखी एका कारणाने घेतलं जातं. धातूच्या पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा जोरदार मारा केला की वरचा थर आतून आवळला जातो आणि वारंवार वाकूनही त्याला सहजासहजी तडा जात नाही. याला शॉट पीनिंग म्हणतात. मारा किती झाला हे मोजण्यासाठी जी छोटी पोलादी पट्टी वापरतात तिला आजही अल्मेन स्ट्रिप म्हणतात. मारा एकाच बाजूने केल्यामुळे पट्टी वाकते आणि तिचा बाक मोजतात. ज्या डिस्क स्प्रिंगना लाखो वेळा दबायचं असतं, त्यांच्यावरही असा मारा केला जातो. म्हणजे छर्ऱ्यांना सांभाळणाऱ्या स्प्रिंगला आधी छर्ऱ्यांचाच मार खावा लागतो.

पोलादाचा विसरभोळेपणा

आकार झाला, गणित झालं. मग घोडं अडलं कुठे? धातूत.

शाळेच्या मोज्यांचं इलॅस्टिक आठवतंय? जूनमध्ये कसं घट्ट असतं आणि मार्चपर्यंत मोजा घोट्यावर येऊन पडतो. इलॅस्टिक तुटलेलं नसतं. ताणलेल्या अवस्थेत राहून राहून ते आपली मूळ लांबी विसरलेलं असतं. तापलेल्या पोलादाचं असंच होतं. स्प्रिंग दाबून ठेवली आहे, तिची जागा हललेली नाही, बाहेरून बघितलं तर सगळं जसंच्या तसं. पण आत अणूंचे थर हळूहळू सरकत असतात आणि जोर ओसरत जातो. इंजिनिअर याला रिलॅक्सेशन म्हणतात. माणसांसाठी चांगला शब्द, स्प्रिंगसाठी वाईट.

स्प्रिंगसाठी वापरलं जाणारं चांगलं क्रोम-व्हॅनेडियम पोलादसुद्धा साधारण २०० अंशांच्या पुढे भरवशाचं राहत नाही. आणि इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इंजिन चालू असताना बेअरिंगला तेल मिळतं, हवा मिळते, त्यामुळे ते त्यातल्या त्यात थंड असतं. वाईट वेळ येते ती इंजिन बंद केल्यावर. तेल थांबतं, हवा थांबते, पण शेजारचं टर्बाइन अजून लालबुंद तापलेलं असतं. ती उष्णता शाफ्टमधून आणि आवरणातून बेअरिंगकडे सरकत येते. प्रवासी उतरून बॅगा घेत असतात आणि आत त्या बशीची परीक्षा चालू असते. हे प्रत्येक उड्डाणानंतर, वर्षानुवर्षं.

त्यात भर म्हणजे स्प्रिंग विसरायला लागली तर कोणालाच कळत नाही. तडा दिसत नाही, आवाज येत नाही. दाब थोडा कमी होतो, छर्रे थोडे घसरायला लागतात, आणि लक्षात येतं तेव्हा बेअरिंग खराब झालेलं असतं.

शेगडीच्या कॉइलमधून जेटमध्ये

उष्णतेत न विसरणारा धातू स्प्रिंगसाठी शोधला गेलाच नाही. तो शोधला गेला टर्बाइनच्या पात्यांसाठी.

सुरुवात होते घरातल्या एका वस्तूपासून. विजेच्या जुन्या शेगडीतली किंवा टोस्टरमधली ती लाल होणारी तार. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. साधारण ८० भाग निकेल, २० भाग क्रोमियम. लाल होऊनही ही तार जळत नाही, गंजत नाही. आपण तिला नायक्रोम म्हणून ओळखतो.

पुढे इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल जेट इंजिनामागे लागले. १९३० मध्ये पेटंटचा अर्ज, १२ एप्रिल १९३७ ला रग्बी इथे पहिलं इंजिन चाललं, आणि १५ मे १९४१ ला ग्लॉस्टर ई.२८/३९ हे विमान त्या इंजिनावर उडालं. पण पात्यांचं पोलाद तापून ताणलं जात होतं. तिथल्या धातुतज्ज्ञांनी मग त्या शेगडीच्या तारेच्या मिश्रधातूतच थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम मिसळलं. १९४० च्या सुमारास निमोनिक नावाची धातूंची मालिका अशी जन्माला आली.

टायटॅनियम-ॲल्युमिनियमने काय केलं? योग्य तापमानाला धातू काही तास ठेवला की त्याच्या पोटात निकेलबरोबर या दोघांचे अतिशय बारीक कण तयार होतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे. अणूंचे थर सरकायला लागले की हे कण त्यांच्या वाटेत उभे राहतात. गर्दीच्या गल्लीत हातगाड्या लावल्यावर गाड्यांचं होतं तसंच थरांचं होतं. सरकणं थांबतं, म्हणजे विसरणं थांबतं.

पलीकडे जर्मनीकडेही जेट इंजिन होतं, युमो ००४. रचना हुशारीची होती, पण युद्धामुळे निकेलचा तुटवडा होता. त्यांना पोकळ, हवेने थंड होणाऱ्या पोलादी पात्यांवर भागवावं लागलं. ते इंजिन साधारण १० ते २५ तास चालायचं, मग बदला. बुद्धी दोन्हीकडे होती, धातू एकाकडेच होता.

अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीने १९४० च्या दशकात याच तत्त्वावर इनकोनेल एक्स काढला. पुढे याचंच नाव एक्स-७५० झालं. एक्स-१५ या रॉकेट विमानाची कातडी याच धातूची होती. ३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइट यांनी ते विमान आवाजाच्या ६.७ पट वेगाने उडवलं. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचे हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी नायोबियम वापरून इनकोनेल ७१८ तयार केला. त्याचं पेटंट १९६२ चं. यातले बारीक कण सावकाश तयार होतात, त्यामुळे वेल्डिंग करताना तडे जात नाहीत. आजही जेट इंजिनांत हा धातू भरपूर वापरला जातो.

पाती आणि कातडीसाठी बनलेले हे धातू मग पत्र्याच्या रूपात स्प्रिंगवाल्यांच्या हाती आले. बेलव्हिल यांचा आकार, अल्मेन-लास्लो यांचं समीकरण आणि निकेलचा पत्रा. पोलाद जिथे हार मानतं तिथून पुढे, ५०० अंशांच्या आसपाससुद्धा, ही बशी आपला जोर बराच काळ धरून ठेवते. कारखान्यात तिला आधीच दाबून सपाट करतात, कधी तापवूनही. म्हणजे जे काही थोडं विसरायचं ते तिथेच विसरून घे, विमानात नको.

एक टोक बर्फ, एक टोक आग

आता या सगळ्याची खरी कसोटी लागते ती रॉकेटच्या पंपात. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनातला उच्च दाबाचा ऑक्सिजन पंप घ्या. मीटरभरही लांब नसलेलं हे यंत्र मिनिटाला सुमारे २८,००० फेऱ्या घ्यायचं. एका बाजूला उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रव ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला टर्बाइन फिरवणारा तप्त वायू. तेल घालायची सोय नाही, कारण ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे आग. एकाच शाफ्टचं एक टोक आखडतंय, दुसरं लांबतंय, आणि छर्ऱ्यांवरचा दाब मात्र टिकला पाहिजे. निकेलच्या धातूंचा आणखी एक गुण इथे कामी येतो : ते एवढ्या थंडीतही ठिसूळ होत नाहीत.

तरीही बेअरिंग झिजायची. जुने पंप उड्डाणानंतर काढून तपासावे लागत. शेवटी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे छर्रे असलेला नवा पंप बनला आणि १३ जुलै १९९५ ला डिस्कव्हरी यानाच्या एका इंजिनावर पहिल्यांदा उडाला.

आपल्याकडची आठवण सांगतो. १५ एप्रिल २०१० ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-डी३ निघालं, पहिल्यांदाच स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन. वरच्या टप्प्यातला इंधनाचा बूस्टर पंप मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांपर्यंत पोचला आणि क्षणभरातच मंदावून थांबला. मोहीम गेली. इस्रोच्या चौकशीत दोन शक्यता मांडल्या गेल्या : सीलपाशी फिरता भाग आवळला गेला असावा, किंवा जास्त दाब आणि उष्णतेच्या ताणामुळे टर्बाइनचं आवरण फुटलं असावं. यात स्प्रिंगचा दोष होता असं कोणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाहीये. पण आवळलं जाणं, उष्णतेचा ताण, हे शब्द बघा. गल्लीतल्या सायकलच्या हबला छळणारंच संकट तिथे हजारो पटींनी मोठं होऊन उभं असतं. पुढे जवळपास चार वर्षं काम झालं आणि ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही-डी५ ने स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला.

अशा धातूंसाठी हैदराबादला मिश्र धातु निगम आहे, १९७३ मध्ये स्थापन झालेला सरकारी कारखाना. आणि मुंबईकरांनो, लोकलने विक्रोळीवरून जाता ना? तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची विकास इंजिनं बनतात. त्यांच्या पोटातही वेगाने फिरणारा पंप असतो.

हा भाग ऐकणाऱ्यांत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची बरीच मुलं असतात, म्हणून शेवटी एक सांगतो. बेलव्हिल यांनी जेट इंजिन कधी बघितलं नाही. अल्मेन-लास्लो मोटार कंपनीत काम करत होते. मार्श यांना तापणारी तार हवी होती. यातल्या कोणीही ‘विमानाच्या बेअरिंगसाठी काहीतरी करू’ असं ठरवलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यासमोरचं काम इतकं नीट करून, लिहून ठेवलं की कुठल्या तरी अनोळखी माणसाला ते पुढे वापरता आलं. त्यामुळे तुमचा प्रोजेक्ट लहान वाटत असेल, ‘सर, याचा उपयोग काय’ असं कोणी विचारत असेल, तर मोजमापं नीट घ्या आणि वही नीट लिहा. कोणाच्या कामी येईल ते आज सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी बेअरिंगच्या किंवा स्प्रिंगच्या कारखान्यात काम करत असेल तर मला जरूर लिहा. तुमच्या वर्कशॉपमध्ये या बशीला काय नाव आहे, हे मला ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सायकलच्या चाकाला हात लावून बघा, डगडगतंय का!